शेरा

ओस्टरसुंडच्या अभिलेखागारात खिडकीजवळचं टेबल
मंगळवारी माझं असतं, हे आता सगळ्यांना ठाऊक आहे.
चौतीस वर्षं मी टपालखात्यात पत्रं वेगळी केली,
गिचमिड पत्ते लावणं हाच धंदा.
तरी या पाद्र्याच्या अक्षरापुढे हात टेकले.
त्याचा एच म्हणजे बर्फाने मोडलेलं कुंपण.
मग हिवाळाभर संध्याकाळच्या वर्गाला गेले,
एकसष्टाव्या वर्षी पुन्हा मुळाक्षरं गिरवली.

माझ्या पणजीची आई, मेरेत ओलोफ्सदोत्तर.
लग्नानंतरही बापाचंच नाव मागे, तेव्हा रीतच तशी.
कुळाची बायको. जंगलाच्या कडेला, दुसऱ्याच्या जमिनीवर,
सात बाळंतपणं.

चार महिने मी भलत्याच मेरेतच्या मागे होते.
तळ्यापलीकडची ती; तेच साल, बापाचं नावही ओलोफच.
अकराव्या वर्षी डांग्या खोकल्याने गेली
तेव्हा कुठे कळलं, ही आपली नव्हे.
वंशावळीतून तिला काढायला हवं होतं.
काढली नाही. कोपऱ्यात आहे, पेन्सिलीने,
कुणाशीच रेघ न जोडता.

दर हिवाळ्यात पाद्री वाडीतल्या एका घरी
सगळ्यांना गोळा करून धर्माची प्रश्नोत्तरी वाचायला लावायचा.
वहीत रकाने: देवी आल्या होत्या का,
वाचता येतं का, वाचलेलं समजतं का,
आणि कडेला शेरा.
शेजारच्या नील्सला तिथे ‘चोरी, एक मेंढी’ मिळालंय.
मेरेतचा शेरा कोराच. वाचन: कच्चं.
पुढच्या साली कच्चं. त्याच्या पुढच्या साली कच्चं.
एकदा गैरहजर, गुरं व्याली म्हणून असेल.
कच्चं.

मग १८७०, वय त्रेचाळीस. वाचन: बरं.

मी पान उलटं चाळलं, वरखाली, पुन्हा वर.
तिच्या ओळीखाली तीन ओळी सोडून
हालवार, थोरला, नावावर आडवी रेघ:
‘उत्तर अमेरिकेस, मे १८६९.’

पलीकडच्या टेबलावरचा टोर्केल म्हणाला, सांभाळून.
छापील वाचणं वेगळं, हातचं अक्षर लावणं वेगळं.
शिवाय सत्तर साली पाद्री बदलला होता,
नवा माणूस, सढळ पेन.
खरं आहे. तारीख मीही पाहिली होती,
फक्त त्याला सांगितली नव्हती.

ती गेल्यावर घरातल्या वस्तूंची यादी झाली,
दोन पंच, एक कारकून:
तांब्याची कढई, चीज करायची, डाग दिलेली.
मेंढीच्या कातड्याचं पांघरूण, जुनं.
होडीचा अर्धा हिस्सा.
गाय एक, नाव चांदणी.
कागदांची जुडी, सुतळीने बांधलेली. किंमत शून्य.

चांदणीची किंमत पन्नास क्राउन लावली होती,
ते ठीकच आहे, दुभती होती.
पण कुठे गेली ती जुडी? चुलीत, बहुधा.
शून्य किमतीचं टपाल माझ्या हातून लाखांनी गेलं आहे,
एकही मी उघडलं नाही.
या एका जुडीसाठी मात्र नियम मोडला असता.

जुलैत मी तिथवर गेले.
चुलीचे चार दगड उरलेत, त्यांतून रानटी रासबेरी उगवलेली.
डासांनी फोडून काढलं.
टपाल तेव्हा इथवर येत नसे,
चर्चजवळच्या दुकानात पडून राहायचं.
तिथून घर अकरा किलोमीटर, चढाचे.
मी चालून मोजले, गुडघ्याला पट्टा बांधून.

सातव्या किलोमीटरवर वाटेलगत
एक सपाट खडक आहे, बसण्याजोगा.
घरी पोचेपर्यंत दम धरणं
कुणालाच जमलं नसतं.